क्रॉलरचे टायर: बेसॉल्ट आणि जांभ्यासाठी काय घ्यावं?

मंदगती
गाडी: ट्रॅक्सस टीआरएक्स-४, रिमोटवर चालणारा क्रॉलर (दगडांवरून सावकाश चढणारी छोटी गाडी), १/१० स्केल, डिफेंडर बॉडी. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), गिअर सगळं कंपनीचंच. टायरही कंपनीचेच, ४.६ इंची कॅनियन ट्रेल, १.९ च्या रिमवर चिकटवलेले.

चालवायच्या जागा दोन. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरचा बेसॉल्ट, जो पावसाळा सोडला तर कायम धुळीने माखलेला असतो. आणि कोकणातला जांभा. वेगाशी काही देणंघेणं नाही. गाडी सावकाश, न पलटता चढली पाहिजे.

सध्या दोन ठिकाणी अडतंय. गुळगुळीत दगडाच्या चढावर चारही चाकं जागच्या जागी फिरतात. आणि आडव्या उतारावरून जाताना वरच्या बाजूची चाकं उचलली जातात. दोन्ही डिफ (डिफरन्शियल) लॉक केलेले, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरत असताना हे होतं.

विचारायचं ते असं: १.९ वरच राहावं की २.२ ला जावं? नक्षी मोठी की बारीक? कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, किती मऊ? बीडलॉक रिमवर (टायर न चिकटवता कडी आणि स्क्रूने धरणाऱ्या) पैसे घालावेत का? आत्ता एकच संच घेता येणार आहे, म्हणून नीट विचारून घेतो.

कातळवाट
टायर मागवण्याआधी टायरच्या आत काय आहे ते बघा. तुमच्या दोन तक्रारींपैकी निदान एक तरी फोमची आहे, रबराची नाही. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

डिफलॉक
तोवर मापांचं बघून घेऊ, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ उडतो.

१.९ किंवा २.२ हे रिमचं माप, म्हणजे टायरची कड जिथे बसते तिथला व्यास, इंचांत. टायर बाहेरून किती मोठा हे त्यावरून कळत नाही. एकाच १.९ च्या रिमवर ४.१९ इंची (१०६ मिमी), ४.६ इंची (११७ मिमी) आणि ४.७५ इंची (१२१ मिमी) असे तिन्ही टायर बसतात. क्लास वन म्हणून विकले जातात ते ४.१९ वाले.

व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मीच उंची गाडीच्या पोटाखाली मिळते. म्हणजे ४.६ वरून ४.७५ वर गेलात तर पदरात पडतात जेमतेम २ मिमी. ४.१९ वर उतरलात तर ५ मिमी जातात. २.२ चे टायर साधारण ५.५ इंचांच्या आसपास असतात. त्यात ११ मिमी उंची मिळते खरी, पण गुरुत्वमध्यही तेवढाच वर जातो आणि तुमची दुसरी तक्रार नेमकी आडव्या उताराची आहे. शिवाय गिअरिंग जवळजवळ २० टक्के लांब होतं, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे जाते. मोटर तापते, हळू चालवताना गाडी गचके खाते. बॉडीचे मडगार्ड कापावे लागतात ते वेगळंच.

टीआरएक्स-४ ला पोर्टल ॲक्सल आहेत, म्हणजे डिफ मुळातच चाकाच्या मध्याच्या वर बसलाय. या गाडीला उंचीसाठी मोठा टायर लागत नाही. १.९ वरच राहा आणि ४.६ ते ४.७५ मध्ये निवडा.

नवा_गडी
वाचतोय. एक साधा प्रश्न, यात हवा किती भरायची असते? दगडावर कमी ठेवायची, एवढं जीपवाल्यांकडून ऐकलंय.

डिफलॉक
हवा भरायचीच नसते. रिमला किंवा टायरला मुद्दाम भोक ठेवलेलं असतं आणि गाडीचं वजन आतला फोम पेलतो. जीपवाले हवा कमी करून जे साधतात ते आपण फोम निवडून साधतो.

नवा_गडी
म्हणजे पंक्चरवाल्याकडे जायचं कामच नाही!

पिनियन११
जावं लागेल. चाकात घालायची वजनं त्याच्याकडेच मिळतात. :) त्यावर पुढे लिहितो.

कातळवाट
आता फोम.

आधी मोजा. गाडीत बॅटरी घालून, बॉडी लावून ती सपाट फरशीवर ठेवा. रिमच्या खालच्या कडेपासून फरशीपर्यंतचं अंतर घ्या. मग त्याच चाकाच्या रिमच्या वरच्या कडेपासून टायरच्या माथ्यापर्यंतचं घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे टायर किती दबला ते. ४.६ किंवा ४.७५ च्या टायरला पुढे ४ ते ६ मिमी आणि मागे ३ ते ४ मिमी असेल तर फोम बरोबर आहे. १-२ मिमीच असेल तर तो कडक आहे: टायर दगडावर टेकतो पण पसरत नाही, नक्षीच्या दोन-तीन गुटक्यांवरच (रबराच्या उंचवट्यांवर) सगळं वजन येतं आणि चाक फिरतं. ८ मिमीच्या वर गेला तर उलटा त्रास. आडव्या उतारावर खालच्या बाजूचा टायर रिमखाली दुमडतो, गाडी तेवढी आणखी कलते आणि वरची चाकं उचलली जातात.

तुमच्या बाबतीत दोन्ही तक्रारी एकदम आहेत, म्हणून पुढे-मागे वेगवेगळं मोजा. सरसकट एकच फोम असेल तर तो पुढे वजनाच्या मानाने कडक आणि मागे कडेला मऊ, असं सहज होतं.

ठसाही घेऊन बघा. टायरला ओल्या खडूचा हात द्या, वाळू द्या, गाडी काळ्या कागदावर अलगद ठेवून उचला. ठसा आयताकृती आणि कडेपर्यंत आलेला हवा. मध्ये दाट आणि कडेला कोरा असेल तर फोम मध्ये फुगीर आहे. फक्त कडेला उमटला तर फोम व्यासाला कमी पडतोय, टायर आतून पोकळ राहिलाय.

विकत घ्यायचा तर दोन थरांचा घ्या. आत बंद छिद्रांच्या फोमची कडक कडी आणि बाहेर उघड्या छिद्रांचा मऊ थर. क्रॉलर इनोव्हेशन्सचे ड्यूसेस वाइल्ड याच रचनेचे आहेत. बाहेरचा थर दगडाच्या आकारात बसतो, आतली कडी टायरला दुमडू देत नाही. व्यास टायरच्या आतल्या मापाइतका किंवा २-३ मिमी जास्त असावा. रुंदी मात्र तंतोतंत, कारण जास्त रुंद फोम साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) आतून ताणून धरतो आणि ती वाकेनाशी होते.

आणि आधीचाच फोम वापरायचा असेल तर पुढच्या दोन चाकांपुरत्या बाहेरच्या घेरावर सारख्या अंतराने ८-१० त्रिकोणी खाचा कापा, खोली ८ मिमीच्या आत. यापेक्षा खोल गेलात तर सपाटीवर गाडी चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात थडथडते. मागच्याला हात लावू नका.

फिनिक्सकर
कातळवाट, फोमबद्दलचं सगळं मान्य, क्रम मान्य नाही. आधी कंपाउंड.

इकडे ॲरिझोनाचा ग्रॅनाइट आणि वर युटात मोआबचा सँडस्टोन, या दोन्हींवर एकच नक्षी दोन कंपाउंडमध्ये लावून पाहिली की फरक लगेच दिसतो. प्रो-लाइनचा हायरॅक्स टायर घ्या, तो जी-८ कंपाउंडमध्ये मिळतो आणि प्रेडेटरमध्येही. प्रेडेटर सगळ्यात मऊ. ज्या चढावर जी-८ घसरतो तिथे प्रेडेटर फोमला हात न लावता चढतो. फोम कितीही चांगला असला तरी कडक रबर दगडाच्या बारीक खरखरीत शिरतच नाही.

घरच्या घरी कसोटी: गुटक्याच्या डोक्यात अंगठ्याचं नख दाबा. खूण उमटून दोन-तीन सेकंदांत सावकाश भरून आली तर रबर मऊ. उमटलीच नाही किंवा झटकन उसळून आली तर कडक. ही कसोटी सावलीत करा. उन्हात तापलेला कोणताही टायर मऊच वाटतो.

देवगडी
फिनिक्सकर, तुमचा प्रेडेटर आमच्या जांभ्यावर आणू नका.

जांभा दिसायला भुसभुशीत, पण उघड्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) वर लोहाचं कडक कवच झालेलं असतं आणि त्यातल्या छिद्रांच्या कडा धारदार असतात. अतिमऊ रबराचा गुटका त्या छिद्रात शिरतो, अडकतो आणि चाक फिरलं की बुडातून फाटतो. आधी कडेचे गुटके जातात, कारण आडव्या उतारावर सगळा भार त्यांच्यावर. एकदा बुडाशी चीर पडली की गुटका गेलाच समजा.

जांभ्यावर मधल्या मऊपणाचा टायर घ्यावा. तिथे दगडच इतका खरखरीत आहे की चिकट रबराची गरज पडत नाही. पाहिजे तो वाकणारा टायर, म्हणजे फोम. त्यामुळे मी कातळवाट यांच्या बाजूचा.

नक्षीत मात्र गुटक्यांमधल्या फटी रुंद हव्यात. लाल माती ओली झाली की बारीक फटी बुजतात आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो.

फिनिक्सकर
जांभ्यासाठी हे पटलं. घट्ट बेसॉल्टला मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.

खडीसाखर
दोघांचंही बरोबर का आहे ते सांगते.

रबराची पकड दोन गोष्टींनी येते. एक, रबर दगडाला प्रत्यक्ष चिकटतं. याला पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा लागतो. दोन, दगडाच्या उंचवट्यांवरून जाताना रबर दबतं आणि परत वर यायला वेळ लावतं, त्यात ऊर्जा खर्च होते आणि तीच पकड म्हणून मिळते. ही धूळ किंवा पाणी असतानाही बऱ्यापैकी टिकते, पण दगड मुळात खरखरीत हवा.

गुळगुळीत कोरडा बेसॉल्ट: उंचवटे कमी, म्हणून चिकटण्यावर भिस्त. इथे मऊ कंपाउंड जिंकतं. जांभा: उंचवटेच उंचवटे, तिथे टायरने आकार घेणं महत्त्वाचं. धुळीने भरलेला बेसॉल्ट: चिकटणं बंद, आणि कितीही महाग कंपाउंड असलं तरी बंदच.

म्हणून मंदगती, खरेदीच्या आधी फुकटातला एक उपाय करून पाहा. ओलं फडकं बरोबर ठेवा आणि अवघड चढाआधी टायर पुसून कोरडे होऊ द्या. नवा टायर असेल तर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर त्याच्यावर राहिलेला असतो. भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन तो घासून काढा. पेट्रोल, थिनर लावू नका, रबर मऊ ठेवणारी तेलं त्यात विरघळून निघून जातात आणि टायर कडक होतो. गाड्यांचं चकचकीत टायर पॉलिश तर अजिबात नको, त्यातलं सिलिकॉन दगडावर घसरवतं.

मंदगती
खूप उपयोगी. फोम मोजला. पुढे २ मिमी, मागे २ मिमी. म्हणजे दोन्हीकडे कडक. मग आडव्या उतारावर चाकं का उचलली जातात? टायर तर दुमडत नसणार.

पिनियन११
वजन वर आहे म्हणून. आता माझा विषय.

स्वयंपाकघरातला ५ किलोचा काटा घ्या. पुढची दोन्ही चाकं काट्यावर, मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर. आकडा लिहा. मग उलट करा. क्रॉलरला पुढे ५५ ते ६० टक्के वजन असलं की चढावर पुढची चाकं दगडावर दाबून राहतात आणि गाडी मागे कोलांटी खात नाही.

वजन वाढवायचं ते चाकात, कारण तिथे ते सर्वांत खाली असतं आणि स्प्रिंगवर येत नाही. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगच्या चिकट पट्ट्या मिळतात, ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांच्या. रिमच्या घेरावर फोमच्या आत गोल चिकटवा. पुढच्या प्रत्येक चाकात ६० ते ९० ग्रॅम, मागे शून्य ते ३०. चिकटवण्याआधी रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वरून कापडी टेपचा एक वेढा द्या, नाहीतर पट्टी सुटून आत खुळखुळत राहते.

एवढ्यावर ६०:४० होईल असं मात्र समजू नका. तुमची गाडी सव्वातीन किलोच्या आसपास भरेल. ती निम्मी-निम्मी आहे असं धरून पुढच्या दोन चाकांत मिळून १६० ग्रॅम घातले तरी जेमतेम ५२:४८ होते. उरलेलं बॅटरी पुढे सरकवून आणि वरचं ओझं काढून साधायचं. डिफेंडर बॉडीवरचा टपावरचा कॅरिअर, त्यातले डबे आणि स्टेपनी दिसतात छान, पण आडव्या उताराचे शत्रू तेच. आधी ते काढून त्याच उतारावर गाडी परत घाला. फरक तिथेच कळेल.

सर्व्होसम्राट
वजनं घालण्याआधी सर्व्होचा, म्हणजे स्टिअरिंग फिरवणाऱ्या यंत्राचा, विचार करा, हे कोणी बोललंच नाही.

डिफ लॉक, मऊ टायर, चाकात ८० ग्रॅम आणि टायर दोन दगडांच्या फटीत. अशा वेळी स्टिअरिंग फिरवलं की कंपनीचा सर्व्हो अडतो, तापतो आणि मग त्याचे गिअर तरी जातात नाहीतर मोटर. मऊ फोमने जमिनीला टेकलेला भाग वाढतो, म्हणजे हा भार आणखी वाढतो. २० ते २५ किलो-सेंमीचा, धातूच्या गिअरचा आणि धातूच्या हॉर्नचा (सर्व्होवरच्या दांडीचा) सर्व्हो बसवा. तो जोरात ओढायला लागला की ईएससीच्या आतल्या बीईसीची (सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज देणाऱ्या भागाची) वीज पुरत नाही आणि रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. गाडी मध्येच मेल्यासारखी वाटते ती यामुळे. त्यासाठी वेगळा बीईसी लावा आणि व्होल्टेज सर्व्होवर लिहिलेल्या मर्यादेतच ठेवा.

रिम घेताना ऑफसेटही बघा. चाकं जितकी बाहेर काढाल तितकी आडव्या उतारावर गाडी स्थिर, पण स्टिअरिंग फिरवताना टायर जागेवर वळण्याऐवजी कमान काढत घासतो. सर्व्होवर पुन्हा भार. दोन्ही बाजूंना ५-५ मिमी बाहेर चालतं. त्यापुढे गेलात तर अडचणीच अधिक.

पिनियन११
अनुमोदन. सर्व्होचं बजेट नसेल तर चाकात ४० ग्रॅमवर थांबा.

चिखलदेव
पावसाळ्याचा मुद्दा राहिला. हवेचं भोक रिममध्ये असेल तर ओढ्यातून गेल्यावर पाणी आत येतं आणि बाहेर पडत नाही. उघड्या छिद्रांचा फोम ते पिऊन घेतो आणि चाक जड होतं. नुसतं जड नाही, एकाच बाजूला जड, त्यामुळे गाडी हलत चालते.

रिमची भोकं आतून टेपने बंद करा. टायरच्या नक्षीच्या मधल्या पन्हळीत, एकमेकांसमोर, २-३ मिमीची दोन भोकं चामड्याच्या पंचने पाडा. सुईने किंवा टोच्याने नको, ते भोक परत मिटतं आणि कडेने चिरत जातं. चाक फिरलं की पाणी बाहेर फेकलं जातं. घरी आल्यावर गाडी स्टँडवर ठेवून चाकं जरा वेगात फिरवा आणि रात्रभर तशीच ठेवा.

भोकं बंदच करून टाकू, असं काही जण सुचवतात. मग टायर दबतच नाही, आतली हवाच त्याला उचलून धरते. सगळा फोमचा खर्च वाया.

फिनिक्सकर
+१. इकडे उन्हात उभ्या कारच्या डिकीत भोकं बंद असलेले टायर फुगून रिमवरून कड सोडतात.

नवा_गडी
स्टँडवर का? शेल्फवर ठेवली तर?

कातळवाट
महिनाभर चाकांवर उभी राहिली तर फोम एका जागी दबून बसतो आणि मऊ टायरला सपाट खळगा पडतो. चाकं अधांतरी राहतील असा लाकडाचा ठोकळा पोटाखाली ठेवला तरी पुरे.

डिफलॉक
बीडलॉक. घ्याच. तुम्हाला फोम आणि वजनं बदलून बघायची आहेत आणि चिकटवलेल्या टायरमध्ये ते शक्य नाही. धातूचे असतील तर त्यांचं वजनही खालीच राहतं, म्हणजे पट्ट्या कमी लागतात. तुमच्या गाडीचा हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) १२ मिमीचा, नट एम-४ नायलॉकचे.

बसवताना क्रम असा ठेवा. वजनं रिमवर. फोम टायरमध्ये, कुठेही सुरकुती नको. टायरची आतली कड रिमच्या खाचेत पूर्ण बसवा, मग बाहेरची, मग कडी. स्क्रू बहुधा एम-२ चे असतात, त्यांना १.५ मिमीची हेक्स किल्ली लागते. सगळे आधी नुसते टेकवून घ्या, मग समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. एकच पूर्ण आवळला तर कडी तिरकी बसते आणि दुसऱ्या बाजूने टायर निसटतो. एम-२ चा स्क्रू फार बारीक, किल्लीच्या आखूड टोकाला धरून दोन बोटांनी जेवढा फिरेल तेवढाच. पहिल्यांदा चालवून आल्यावर पुन्हा सगळे तपासा, रबर बसल्यामुळे ते सैल होतात. धातूच्या रिमला निळं थ्रेडलॉकर चालतं. प्लास्टिकच्या रिमला लावू नका, काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होऊन तडकतं.

सध्याचे टायर वाचवायचे असतील तर चाक उकळत्या पाण्यात १०-१५ मिनिटं ठेवा. उष्णतेने चिकटवलेला थर कमजोर होतो. जाड हातमोजे घालून कड गरम असतानाच सोलत जा, अडली की परत पाण्यात. ॲसिटोनने लवकर होतं, पण रिम एबीएसची किंवा क्रोमची असेल तर ती खराब होते आणि रबरही कोरडं पडतं. परत चिकटवताना कड अल्कोहोलने पुसून पातळ फेविक्विकचे थेंब दर दोन सेंटिमीटरवर द्या, ते आपोआप आत ओढलं जातं. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांत जाते.

रबरबँड
नक्षीच्या दिशेवर कोणी बोलेल का? बाणाच्या आकाराची नक्षी मागे उलटी लावावी असं बरेच जण सांगतात.

फिनिक्सकर
पुढे सुलटी, मागे उलटी. उलटा गुटका चढावर दगडाच्या कडेला रुंद तोंडाने टेकतो.

देवगडी
मला नाही पटत. बाणाचं टोक आधी टेकतं तेव्हा चिखल कडेला ढकलला जातो, म्हणून ती दिशा असते. कोरड्या दगडावर दिशेने फारसं काही बदलत नाही, पण ओल्या मातीत उलटा टायर माती मधोमध गोळा करतो. कोकणात चारही सुलटे ठेवावेत.

रबरबँड
मग बेसॉल्टवर उलटे आणि कोकणात सुलटे. बीडलॉक असले की उजवं-डावं चाक अदलाबदल केलं की झालं.

कातळवाट
तेवढंच. दिशेपेक्षा गुटके चिरण्याचा उपयोग जास्त. मोठे गुटके असतील तर नव्या ब्लेडने त्यांच्या मधोमध, चाकाच्या रुंदीच्या दिशेने एक चीर द्या, गुटक्याच्या निम्म्या उंचीइतकी. एका जाड गुटक्याचे दोन वाकणारे गुटके होतात. ब्लेड साबणाच्या पाण्यात बुडवत राहा म्हणजे अडकत नाही. फक्त बेसॉल्टसाठी. जांभ्यावर हीच चीर बुडापर्यंत फाटत जाते.

खडीसाखर
कोकणाचा विषय निघालाय म्हणून थोडं अवांतर, पण गरजेचं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, कशेळी, बारसू ही लोकांना माहीत असलेली ठिकाणं. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ पासून त्यांची नोंद आहे, आणि कुंपण नसलेलीही कितीतरी आहेत. उथळ कोरलेली असल्याने दुपारच्या उन्हात दिसतही नाहीत. गाडी लहान असली तरी धातूची कडी, बाजूचे स्लायडर आणि पोटाखालची स्किड प्लेट दगडावर ओरखडे काढतात. सड्यावर जाण्याआधी गावात विचारा, सकाळच्या तिरप्या उन्हात जागा बघून घ्या. पावसाळ्यात सड्यावर उगवणाऱ्या वनस्पती मातीच्या बोटभर थरावर जगतात, तिथे चाक फिरलं की तो थर निघून जातो. गडांच्या पायऱ्या आणि तटाचे दगड यांनाही हाच नियम.

देवगडी
शंभर टक्के सहमत. जांभ्याच्या बंद पडलेल्या चिरेखाणी असतात, मालकाला विचारून तिथे चालवावी. कापलेल्या दगडाच्या सरळ पायऱ्या असतात, सरावाला त्याच उत्तम. पावसात खाणीत पाणी भरतं, तेव्हा जाऊ नका.

नवा_गडी
टीआरएक्स-४एम किंवा एससीएक्स२४ सारख्या लहान गाड्यांना हेच सगळं लागू होतं का?

पिनियन११
तत्त्व तेच, प्रमाण वेगळं. रिम १ इंचाची, हेक्स ७ मिमीचा. गाडीच इतकी हलकी की चांगला फोमही दबत नाही, त्यामुळे तिथे सर्वांत मऊ कंपाउंड आणि पातळ साइडवॉल घ्या आणि फोमचा अर्धा भाग कापून काढला तरी चालतो. वजनासाठी पट्ट्यांना जागा नसते, पितळी रिम घ्याव्या लागतात. त्या गाड्यांवर चाकातल्या वजनाचा परिणाम १/१० पेक्षा कितीतरी जास्त दिसतो.

मंदगती
सगळ्यांचे आभार. टपावरचा कॅरिअर आणि मागची स्टेपनी काढली. आडव्या उतारावर चाकं उचलणं बरंच कमी झालं. मग फोमला हात न लावता, नुसते टायर पुसून तोच चढ पुन्हा केला. अर्ध्यापर्यंत जातो, मग घसरतो.

ठरवलेलं असं: १.९ धातूचे बीडलॉक, ४.७५ च्या आसपासचे टायर, जी-८ सारखं मधलं-मऊ कंपाउंड, दोन थरांचा फोम पुढे मऊ आणि मागे कडक, पुढच्या चाकांत ४० ग्रॅम. सर्व्हो नंतर. यात काही चुकतंय का? पिनियनचं (मोटरवरच्या लहान गिअरचं) काय करू?

डिफलॉक
४.६ वरून ४.७५ ला गिअरिंग ३ टक्केच बदलतं, ११ दातांचा पिनियन तसाच ठेवा. पिनियन बदलायची वेळ ४.१९ वरून ४.७५ ला जाणाऱ्यांवर येते, त्यांचं १३ टक्के वाढतं. पूर्ण स्टिअरिंग आणि पूर्ण दबलेलं सस्पेन्शन अशा स्थितीत टायर मडगार्डला लागतो का ते हाताने दाबून बघा. लागला तर बॉडीचा खांब एक भोक वर घ्या. आडव्या उतारासाठी बॉडी वर नको असेल तर कात्रीने मडगार्डची आतली कड तेवढीच कापा.

फिनिक्सकर
कंपाउंड बरोबर निवडलंत. दोन्ही दगडांसाठी एकच संच घ्यायचा असेल तर मीही प्रेडेटर सुचवणार नाही.

कातळवाट
फोमची जोडी मागवताना टायरचा बाहेरचा व्यासच नाही तर रुंदीही कळवा. ४.७५ चे टायर अरुंद आणि रुंद अशा दोन्ही प्रकारांत येतात आणि विकणारे बहुधा व्यासावरूनच फोम देतात. आल्यावर ४-६ आणि ३-४ मिमीचं माप परत घ्या. धातूच्या रिमचं आणि पट्ट्यांचं वजन स्प्रिंगवर येत नसलं तरी फोमवर येतं. तरीही आकडा आत्तासारखा २ वर अडकला तर पुढच्या बाहेरच्या थरात खाचा द्या.

सर्व्होसम्राट
आणि सर्व्हो येईपर्यंत फटीत अडकलेलं चाक जागेवर उभं राहून वळवू नका. आधी गाडी बोटभर पुढे किंवा मागे घ्या, चाक फिरत असतानाच स्टिअरिंग द्या. तोवर कंपनीचा सर्व्हो टिकेल.